आईला घेऊन हालाँगच्या उपसागरात एक रात्र

विमानाची तिकिटं जूनमध्येच काढून झाली होती. आई आणि मी, मुंबई ते हॅनॉई, 23 नोव्हेंबर 2025. व्हिएतनाममधल्या हालाँगच्या उपसागरात एक रात्र जहाजावर राहायचं एवढंच पक्कं होतं, बाकी सगळं नंतर बघू असं म्हटलं होतं. आणि 19 जुलैला बातमी आली. त्याच उपसागरात दुपारी अचानक आलेल्या वादळी पावसात पर्यटकांची एक बोट उलटली आणि तीसहून जास्त माणसं गेली. आईने ती बातमी टीव्हीवर पाहिली. काही बोलली नाही. दोन दिवसांनी भाजी निवडता निवडता म्हणाली, "आपण हॅनॉईच बघू या ना नीट."

आई 68 वर्षांची आहे. तिला पोहता येत नाही, गुडघे दुखतात आणि पाण्याची भीती लहानपणापासूनची. त्यामुळे मी तिला लगेच समजवायला गेले नाही. आधी स्वतः वाचलं. उलटलेली बोट दिवसाच्या फेरीची होती, आणि तिकडे जून ते सप्टेंबर हा वादळांचा मोसम असतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हवा कोरडी, समुद्र शांत. 2024 च्या सप्टेंबरमध्ये यागी चक्रीवादळानेही याच किनाऱ्याला झोडपलं होतं. म्हणजे भीती खोटी नव्हती, पण तिला महिने होते. हे सगळं मी आईला जसंच्या तसं सांगितलं, काही लपवलं नाही. वादळाचा इशारा असेल तर तिथले बंदर अधिकारी रात्रीची जहाजं सोडतच नाहीत, हेही सांगितलं. ती म्हणाली, "त्यांनी नाही सोडलं तर आपणही हट्ट करायचा नाही." तेवढ्यावर आमचं ठरलं.

वयस्कर माणसाला घेऊन जाणाऱ्या कोणाला उपयोग होईल म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

पहिला गोंधळ झाला तो कुठल्या उपसागरात जायचं यावर. 'हालाँग बे' म्हणून जे विकलं जातं ते खरं तर शेजारशेजारचे तीन भाग आहेत. मधला हालाँग, ईशान्येला बाई तू लाँग आणि दक्षिणेला कात बा बेटाजवळचा लान हा. हालाँगमध्ये चुनखडीची लहानमोठी सुमारे 1,600 बेटं आहेत. 1994 मध्ये तो जागतिक वारशाच्या यादीत आला, 2000 मध्ये भूगर्भशास्त्रीय महत्त्वासाठी पुन्हा नोंदला गेला आणि 2023 मध्ये कात बा द्वीपसमूहही त्यात जोडला गेला. लान हा आणि बाई तू लाँगला गर्दी कमी असते असं सगळेच सांगतात. पण मी पाहिलेल्या लान हाच्या बऱ्याच सहलींमध्ये कयाक आणि सायकल होती. आईला त्यातलं काहीच जमणार नव्हतं. हालाँगमध्ये लुओन नावाच्या गुहेपाशी बांबूच्या होडीत नुसतं बसून जाता येतं, वल्हवणारं माणूस वेगळं असतं. म्हणून गर्दी पत्करून मी हालाँग निवडलं.

जहाज निवडताना पहिले आठ दिवस मी खोल्यांचे फोटो बघण्यात घालवले. त्यातून काही कळत नाही. सगळ्या खोल्या सारख्याच दिसतात, पलंगावर टॉवेलचे हंस असतात. मग मी चार कंपन्यांना एकच ईमेल पाठवली. धक्क्यावरून जहाजावर थेट चढता येतं की मध्ये लहान बोट घ्यावी लागते? खोलीपासून जेवणाच्या जागेपर्यंत किती पायऱ्या? एखादं ठिकाण आईने टाळलं तर ती जहाजावर थांबू शकेल का, तेव्हा सोबतीला कोणी असेल का? खराब हवेमुळे रात्रीचा मुक्काम रद्द झाला तर पैसे परत की नुसती तारीख बदलणार? आणि शाकाहारी जेवण, तेही कांदा, लसूण, वांगं नसलेलं, मिळेल का?

या शेवटच्या प्रश्नाचं कारण सांगते. आई आषाढीपासून चंपाषष्ठीपर्यंत कांदा-लसूण-वांगं खात नाही. चंपाषष्ठी होती 26 नोव्हेंबरला, म्हणजे आम्ही जहाजावरून उतरणार त्याच दिवशी.

दोघांनी नुसती सवलतीची जाहिरात पाठवली. एकाने उत्तरच दिलं नाही. चौथ्याने मात्र एकेका प्रश्नाखाली उत्तर लिहून पाठवलं. पायऱ्यांचा आकडासुद्धा दिला, खोलीपासून जेवणघरापर्यंत 14. रद्द झालं तर पूर्ण पैसे परत, हेही लेखी दिलं. मी तिथेच नोंदणी केली. वीस खोल्यांचं मध्यम जहाज, माणशी 140 डॉलर. त्यात हॅनॉईहून नेणं-आणणं, उपसागराची प्रवेश तिकिटं, चार जेवणं आणि बांबूची होडी धरलेली. पाण्याव्यतिरिक्त पेयं वेगळी. तीस टक्के आधी कार्डाने, उरलेले धक्क्यावर. दोघींचे मिळून साधारण 25 हजार रुपये झाले. मला ते जास्तच वाटले, पण उत्तरं ज्याने दिली त्याला पैसे द्यायचे हे मनाशी ठरवलेलं होतं.

आता व्हिसा. व्हिएतनामचा ई-व्हिसा घरबसल्या मिळतो. एकदा प्रवेशाचा 25 डॉलर, अनेकदा प्रवेशाचा 50 डॉलर, 90 दिवसांपर्यंत चालतो. शोधायला गेलं की आधी एजंटांच्याच साइट्स वर येतात आणि त्या दिसायला अगदी सरकारी वाटतात. पत्ता 'गव्ह डॉट व्हीएन' असा संपतो की नाही ते बघायचं, एवढी एक खूण पुरते. पासपोर्टच्या माहितीच्या पानाचा फोटो आणि स्वतःचा चष्म्याशिवायचा फोटो लागतो. कुठल्या विमानतळावर उतरणार ते निवडावं लागतं, आणि तिथला राहण्याचा पत्ता द्यावा लागतो, म्हणून हॅनॉईचं हॉटेल आधी ठरवलेलं बरं.

6 ऑक्टोबरला मी दोघींचे अर्ज भरले. नावाच्या रकान्यांपाशी थांबून थांबून भरले, कारण आईच्या पासपोर्टवर तिच्या नावाला लागूनच बाबांचं नाव आहे आणि ते दोन्ही मिळून 'दिलेलं नाव' होतं. पासपोर्टवर जसं छापलंय तसंच, त्याच जागी. चूक झाली तर पैसे परत मिळत नाहीत, नवा अर्ज नवे पैसे. पैसे भरल्यावर जो नोंदणी क्रमांक येतो त्याचा फोटो काढून ठेवा. ईमेलची वाट बघत बसू नका, रोज त्या क्रमांकाने साइटवर जाऊन बघा. आईचा व्हिसा चार दिवसांत आला. माझा अर्ज मात्र फोटो अस्पष्ट आहे म्हणून दुरुस्तीसाठी परत आला आणि त्याची ईमेल मला आलीच नव्हती. साइटवर बघितलं म्हणून कळलं. नवा फोटो चढवला, 15 ऑक्टोबरला मंजूर झाला. ते नऊ दिवस जीव टांगणीला लागला होता. दोन्ही व्हिसा छापून घेतले, दोन-दोन प्रती. दोघींचा प्रवास विमाही काढला आणि आईच्या गुडघ्याचं दुखणं अर्जात स्पष्ट लिहिलं.

जाण्याआधी आणखी एक काम केलं, आणि त्याने पुढे फार उपयोग झाला. व्हिएतनामी भाषेत 'मी शाकाहारी आहे' हे 'तोय आन चाय' असं म्हणतात. मी ते पाठ करत होते तेव्हा लक्षात आलं की लसणाला पण आपल्या कानाला 'तोय' असंच ऐकू येतं. फरक सुराचा, आणि तो सूर आपल्या गळ्यातून येईलच असं नाही. म्हणून मी सगळं त्यांच्या लिपीत मोठ्या अक्षरांत कागदावर छापून घेतलं: मासे नको, मांस नको, माशाचा सॉस म्हणजे नुओक माम नको, कांदा नको, लसूण नको, वांगं नको. अंडं आईला चालत नाही, तेही लिहिलं. नुओक मामचं वेगळं लिहिणं गरजेचं आहे. नुसतं शाकाहारी म्हटलं तर भाजी शाकाहारी असते आणि सॉस माशाचा, असं होऊ शकतं.

23 ला रात्रीचं विमान, 24 ला सकाळी नोई बाई विमानतळ. घड्याळ दीड तास पुढे केलं. हॅनॉईत तो दिवस आराम केला, होआन किएम तलावाभोवती संध्याकाळी हळूहळू एक फेरी मारली. डॉलर तिथेच बदलून घेतले. रुपयाला साधारण तीनशे डाँग, त्यामुळे पाकिटात एकदम लाखांच्या नोटा येतात. वीस हजाराची आणि पाच लाखांची, दोन्ही नोटा निळ्या असतात. अंधारात किंवा घाईत सहज चूक होईल. मी पाच लाखाच्या नोटा वेगळ्या खिशात ठेवल्या.

25 तारखेला, मंगळवारी, सकाळी 8 ते 8.30 च्या दरम्यान व्हॅन येणार होती. ती 8.40 ला आली. मोठ्या बॅगा हॉटेलातच ठेवून आम्ही एकेक लहान पिशवी घेतली होती. हे जरूर करा. जहाजात चढताना हात मोकळे हवेत. रस्ता द्रुतगती महामार्गाचा, चांगला, अडीच तासांचा. मध्ये मोत्यांच्या दुकानापाशी अर्धा तास थांबवतात. घ्यायची सक्ती नसते. आम्ही स्वच्छतागृह वापरलं आणि बाहेर बाकावर बसून राहिलो.

तुआन चाऊच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. तिथे प्रत्येक जहाजाची वेगळी बैठकीची खोली असते. पासपोर्ट मागून घेतले, नावं आणि क्रमांक यादीत उतरवले. ही यादी बंदर अधिकाऱ्यांकडे जाते, जहाजावर कोण कोण आहे याची नोंद म्हणून. पासपोर्ट मूळ लागतो, प्रत चालत नाही. उरलेले पैसे भरले, कार्डाने दिल्यामुळे वर तीन टक्के लागले. मग पाऊण तास नुसतं बसणं. आई खिडकीतून पाण्याकडे बघत होती. पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत आणि सोडवत होती. मी तिला चहा आणून दिला, तो तसाच राहिला.

आता ज्याची मला सगळ्यात जास्त धाकधूक होती ते. आमचं जहाज धक्क्याला लागत नव्हतं, थोडं आत नांगरलेलं होतं. लहान बोटीने तिथपर्यंत जायचं आणि मग एका बोटीतून दुसरीवर पाऊल टाकायचं. कंपनीने ईमेलमध्ये हे सांगितलं होतं म्हणून आम्ही मनाची तयारी केलेली. लहान बोटीत सगळ्यांना लाइफ जॅकेट घालायला लावली. आईचे हात पट्टे लावताना थरथरत होते. आमच्याबरोबर असलेल्या गाइड मुलीने, पंचविशीची असेल, खाली गुडघ्यावर बसून ते लावून दिले.

जहाजाच्या कडेला बोट लागली. दोन्हींच्या मध्ये वीतभर फट, आणि त्या फटीत पाणी वरखाली होत होतं. आई उभी राहिली आणि तिचा पाय निघेना. मागे माणसं थांबली. मी "चल ना आई, काही होत नाही" असं म्हणणार होते, तेवढ्यात गाइडने हाताने सगळ्यांना थांबवलं आणि आधी बाकीच्यांना बाजूने पुढे जाऊ दिलं. मग एक खलाशी पलीकडे उभा राहिला, एक अलीकडे. त्यांनी आईचा तळवा नाही धरला, कोपराच्या वर दंड धरला. बोट वर येते तेव्हा पाऊल टाकायचं, हे पलीकडच्या खलाशाने हाताने दाखवलं. एकदा बोट वर आली, आईने टाकलं नाही. दुसऱ्यांदा वर आली, नाही. तिसऱ्यांदा तिने डोळे उघडे ठेवून पाऊल टाकलं. पलीकडे गेल्यावर तिने आधी माझ्याकडे नाही, त्या खलाशाकडे बघून हात जोडले.

म्हणून सांगते, वयस्कर माणूस बरोबर असेल तर सगळ्यात शेवटी चढा. मागे रांग नसली की अर्धी भीती कमी होते. आणि साडीपेक्षा सलवार-कमीज बरा. आईने हट्टाने साडी नेसली होती, संध्याकाळी तिने स्वतःच कपडे बदलले.

खोली लहान पण नेटकी होती. काचेची भिंत, पलीकडे दोन खुर्च्या मावतील एवढा सज्जा. पाणी काचेच्या बाटल्यांत भरून ठेवलं होतं. या उपसागरात 2019 पासून एकदा वापरून फेकायच्या प्लॅस्टिकला बंदी आहे. कपाटात दोन लाइफ जॅकेट होती. सुरक्षेची माहिती देतात ती लक्ष देऊन ऐका, दहाच मिनिटं असते. आईने खोलीत आल्यावर पुन्हा एकदा जॅकेट घालून, काढून, जागेवर ठेवून बघितलं. न्हाणीघराची फरशी मात्र ओली झाली की फार घसरते. मी एक टॉवेल कायमचा खाली अंथरला.

जेवणाच्या वेळी मी तो कागद स्वयंपाक्याला दिला. त्याने वाचला, मान हलवली, आणि कागद परत न देता आत घेऊन गेला. टोफू, उकडलेल्या भाज्या, भात, मशरूमचं पातळसं सूप. तिखट आपल्याकडचं नाही, पण चव होती. आईने बरोबर आणलेली शेंगदाण्याची चटणी काढली. जेवत असतानाच जहाज बेटांच्या मध्ये शिरलं.

लांबून फोटोत ती बेटं हिरवी दिसतात. जवळून खडक राखाडी, उभा चिरलेला, आणि भेगाभेगांतून झाडं लटकलेली. पाण्याच्या रेषेपाशी प्रत्येक बेट आतून कोरलेलं असतं, कोणी करवतीने खाच पाडावी तसं. लाटा, क्षार आणि चुनखडीत भोकं पाडणारे शिंपल्यांसारखे जीव मिळून ती खाच पाडतात. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी साठलेली ही चुनखडी. वर आली, पावसाने विरघळून तिचे सुळके आणि दऱ्या झाल्या, आणि मग समुद्र वाढून दऱ्यांत भरला. म्हणजे आपण जहाजातून जातो ते डोंगरांच्या मधल्या दऱ्यांवरून. हे मी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मग खाली जमीनच आहे म्हण की." तिला त्याने खरंच धीर आला.

गाइडने दोन लाख डाँगची नोट हातात उंच धरली. नोटेवर जे उदबत्तीच्या पात्राच्या आकाराचं बेट छापलंय ते समोर होतं, दिन्ह हुआँग. नोटेत आणि पाण्यात एकाच वेळी. आईने माझ्याकडून एक नोट मागून घेतली आणि बेट मागे जाईपर्यंत ती धरून बसली.

तीन वाजता लुओन. बांबूच्या होडीत उतरायलाही पुन्हा तेच, दंड धरून. पण आता आई पहिल्याच लाटेला गेली. होडी वल्हवणाऱ्या बाई पन्नाशीच्या होत्या. गाइडने सांगितलं की त्या पूर्वी पाण्यावरच्या गावात राहायच्या. या उपसागरात तरंगत्या घरांची गावं होती, कुआ वान त्यातलं मोठं. 2014 मध्ये त्यांतल्या बहुतेक कुटुंबांना जमिनीवर घरं देऊन हलवलं. आईने विचारायला सांगितलं, पाणी बरं की जमीन? बाई वल्हवता वल्हवता हसल्या आणि म्हणाल्या, मुलांना शाळा जवळ पडते, पण मला झोप अजून जमिनीवर नीट येत नाही. मग कमानीखालून होडी आत गेली. डोक्यावर खडक इतका जवळ येतो की आपोआप वाकायला होतं. आणि आत चारही बाजूंनी कडे, मध्ये हिरवं स्थिर पाणी, वर आभाळाचा तुकडा. सगळ्या होड्या गप्प झाल्या. वल्ह्यावरून पाणी गळतं त्याचा आवाज येत होता. होडीवाल्या बाईंना आम्ही पन्नास हजार डाँग दिले, साधारण 170 रुपये. सुटे आधीच काढून हातात ठेवा.

नंतर ती तोप बेट. 1962 मध्ये सोव्हिएत अंतराळवीर गेरमान तितोव हो ची मिन्ह यांच्याबरोबर इथे आला होता, त्याचंच नाव बेटाला दिलं आहे. वर जायला चारशेच्या वर पायऱ्या, उंच आणि ठिकठिकाणी गुळगुळीत. आई खाली वाळूवर बसली, मी चढले. वरून उपसागर छान दिसतो, पण एवढी गर्दी होती की कठड्याशी दोन मिनिटं मिळाली. खाली आले तर आई पायांचे अंगठे पाण्यात बुडवून बसली होती.

सूर्य सव्वापाचच्या सुमारास मावळला. दिवसाच्या बोटी एकामागोमाग परत गेल्या आणि मग कळलं की रात्र इथे का काढायची. दुपारभर जी गर्दी होती ती तासाभरात विरली. रात्रीची जहाजं ठरलेल्या जागी नांगरतात, त्यामुळे आजूबाजूला आणखी दहाबारा जहाजांचे दिवे होते. अगदी निर्जन असतं असं समजू नका. दहा वाजेपर्यंत शेजारच्या जहाजावरून गाण्यांचा आवाज येत होता आणि आपल्या जहाजाच्या जनरेटरची घरघर तर रात्रभर असते. हलकी झोप असेल तर कानात घालायला बोळे न्या. गारठाही असतो, स्वेटर लागतो. जेवणानंतर मागच्या बाजूला माकुल धरायला गळ देतात. तासाभरात कोणाला एकही मिळालं नाही.

रात्री मला जाग आली तेव्हा अडीच वाजले होते. आईचा पलंग रिकामा. काचेपलीकडे ती सज्ज्यात उभी होती, शाल पांघरून, दोन्ही हात कठड्यावर. मी बाहेर गेले. ती हळूच म्हणाली, "अगं, समोरचा डोंगर गेला."

खरंच गेला होता. झोपताना आमच्या सज्ज्यासमोर एक रुंद खडक होता, त्याच्या माथ्यावर एक वाकडं झाड. आता तिथे नुसतं पाणी आणि लांबवर दुसरीच दोन बेटं. आईच्या आवाजात घाबरणं नव्हतं, पण हात कठड्यावर घट्ट होते. "आपण वाहून चाललोय का?"

मला उत्तर माहीत नव्हतं. आम्ही दोघी सज्ज्यातून आत आलो, 14 पायऱ्या चढून वर गेलो. पहाऱ्यावरचा माणूस जागा होता. त्याला इंग्रजी येत नव्हतं, मला व्हिएतनामी येत नव्हतं. मी बेटाकडे बोट केलं, मग आमच्या खोलीकडे, मग हात हलवून विचारलं. तो समजला. आम्हाला पुढच्या टोकाला घेऊन गेला आणि टॉर्चने नांगराची साखळी दाखवली, ताणलेली, पाण्यात तिरकी जाणारी. मग त्याने एक मूठ स्थिर धरली, दुसऱ्या हाताचं बोट तिच्याभोवती फिरवलं. जहाज जागेवरच होतं, नुसतं नांगराभोवती वळलं होतं. मग तो आम्हाला दुसऱ्या बाजूला घेऊन गेला. वाकड्या झाडाचा डोंगर तिथे होता.

नंतर गाइडने समजावलं. आपल्याकडे कोकणात दिवसातून दोनदा भरती येते, इथे बहुतेक दिवशी एकदाच भरती, एकदाच ओहोटी. प्रवाह आणि वारा बदलला की नांगरलेलं जहाज हळूच फिरतं. आम्ही खोलीत परत आलो तेव्हा आई खुर्ची ओढून सज्ज्यात बसली. मीही बसले. चंद्र कधीच मावळला होता. शेजारच्या जहाजांचेही बहुतेक दिवे विझले होते, आणि अंधारात बेटं आभाळापेक्षा जास्त काळी दिसत होती. आई मध्येच म्हणाली, "हलत नाहीये गं अजिबात. मला वाटलं होतं रात्रभर पाळण्यासारखं होईल." उलटीच्या गोळ्यांची पट्टी आम्ही आणली होती ती तशीच घरी परत आली. बेटांच्या आडोशामुळे पाणी तळ्यासारखं असतं, निदान शांत हवेत.

सकाळी सव्वासहाला वरच्या गच्चीवर ताई ची. आईने खुर्चीत बसून हातांचं तेवढं केलं. खडकावरची पाण्याची ओली रेघ रात्री होती तिथे नव्हती, आणि तिने ती मला बोटाने दाखवली.

साडेसातला सुंग सोत गुहा. 1901 मध्ये फ्रेंचांनी हिला 'आश्चर्यांची गुहा' असं नाव दिलं होतं, आणि सुंग सोतचा अर्थही थक्क होणं असाच आहे. आत दालनामागून दालन मोठं होत जातं. पण वर चढून आत जायचं, आतही चढउतार, आणि वाट एकेरी. आत शिरलेलं माणूस दुसऱ्या तोंडाने बाहेर पडतं, मध्येच दमलं तर मागे फिरता येत नाही. हे आधी विचारलं होतं म्हणून आई जहाजावर थांबली. मी परत आले तेव्हा ती स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून बसली होती आणि आत स्वयंपाकी भाजी चिरत होता.

खोली सव्वानवालाच रिकामी करायला लावतात, परतीची बोट यायच्या दोन तास आधी. औषधं, चार्जर, पासपोर्ट आधीच पिशवीत भरून ठेवा. पेयांचं बिल तेव्हाच चुकतं करायचं. आमचं दोन शहाळ्यांचं आणि एका कॉफीचं झालं. कर्मचाऱ्यांसाठी बक्षिसीची पेटी होती, त्यात दोन लाख डाँग टाकले. रात्रीच्या पहारेकऱ्याला वेगळे दिले.

मग पावणेदहाला शेवटचं जेवण. मी आदल्या रात्री गाइडला सांगितलं होतं की उद्या आईचा नेम सुटतो, उद्या तिला वांगं चालेल. मला वाटलं होतं ती विसरेल. स्वयंपाकी स्वतः ताट घेऊन आला. आमचा तो कागद त्याच्या हातात होता, आणि त्यावरच्या 'वांगं नको' या ओळीवर त्याने पेनाने काट मारली होती. ताटात लांब जांभळी वांगी, भाजून, सोलून, सोया सॉसमध्ये टोफूबरोबर शिजवलेली, वर कोथिंबीर. आईने आधी एक घास बाजूला काढून ठेवला, डोळे मिटले, मग खाल्लं. "कांदा घातला असता तरी चाललं असतं आज," ती मला म्हणाली, आणि अर्धं ताट संपवून मग माझ्याकडे सरकवलं.

सव्वाअकराला परतीची लहान बोट आली. सगळे पुढे सरकले. आम्ही ठरल्याप्रमाणे शेवटी थांबलो. तोच खलाशी पलीकडे उभा होता, दंड धरायला हात पुढे करून.